कर्णा कोणास ऐकवावयाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मालवणात ‘प्राचीन युद्धे व धर्म’ या विषयावर एक व्याख्यान झाले. वक्ते विद्वान होते, वाणी ओघवती होती, आणि श्रोतृवर्ग पावसाची पर्वा न करता जमला होता. बोलण्याच्या भरात वक्त्यांनी प्राचीन इस्राएल लोकांचा उल्लेख केला. ते म्हणाले की, या लोकांचा देव म्हणजे रणदेव आणि त्यांचे याजक म्हणजे सैन्याचे वाजंत्री. लढाईपूर्वी कर्णे वाजविण्याचा त्यांचा जो विधी होता, तो म्हणजे शत्रूचे काळीज फोडण्याची व आपल्यातील भेकडांस चेव आणण्याची एक युक्ती. तिच्यावर धर्माचा मुलामा तेवढा चढविलेला. टाळ्या पडल्या. शेवटी एका तरुणाने उठून विचारले, “मग यरीहोच्या भिंती खरोखरच आवाजाने पडल्या काय?” त्यावर मोठा हशा झाला आणि सभा आटोपली.

मला त्या हशात सामील होता आले नाही. मी यहुदी नाही, ख्रिस्तीही नाही. ज्या इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात माझी तीस वर्षे गेली, त्याच्या पोटात बायबल आहे. म्हणून ते मला वाचावे लागले, आणि पुढे आवडीने वाचीत गेलो. परंतु माझ्या अस्वस्थतेचे कारण बायबलविषयीचा जिव्हाळा एवढेच नव्हे. परक्याच्या विधीस ‘युक्ती’ म्हणून निकालात काढणे फार सोपे असते, आणि ही सवय एकदा जडली म्हणजे ती आपल्या घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. शिवाय युद्धापूर्वीचा विधी हा केवळ गलबला ठरला, तर ‘हे युद्ध न्याय्य आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही. कारण गलबल्याला खरे-खोटे नसते. तो मोठा असतो किंवा लहान असतो, इतकेच. यास्तव त्या वक्त्यांच्या मताचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम मूळ ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. मोशेच्या पाच ग्रंथांपैकी ‘गणना’ या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांदीचे दोन कर्णे घडविण्याची आज्ञा आहे. ते ठोकून घडवावयाचे आणि ते वाजविण्याचा अधिकार अहरोनाच्या वंशातील याजकांस. लोकांस एकत्र बोलावणे, तळ हलविणे, ही त्यांची रोजची कामे. पुढे युद्धाचा प्रसंग येतो. आपल्या देशात जुलूम करणाऱ्या शत्रूशी लढावयास निघाल तेव्हा कर्णे वाजवा, असे सांगून ग्रंथकार त्याचे फळ सांगतो. आणि सगळा वाद या फळापाशी आहे. शत्रू भिईल, असे तेथे म्हटलेले नाही. तुमचे सैनिक शूर होतील, असेही म्हटलेले नाही. तुमचे परमेश्वरासमोर स्मरण होईल व तुम्ही शत्रूंपासून सोडविले जाल, असे म्हटले आहे. दोन्ही क्रियापदे कर्मणी आहेत. कर्णा वाजविणारा येथे कर्ता नव्हे. त्याची आठवण दुसऱ्याने करावयाची आहे आणि त्यास सोडवावयाचेही दुसऱ्यानेच आहे. व्याकरणाचा एवढा साधा पुरावा समोर असता, हा आवाज शत्रूसाठी होता असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडून ते आपल्यालाच आले होते, असा दावा करण्यासारखे आहे.

त्याच अध्यायातील पुढचे वचन हीच गोष्ट दृढ करते. आनंदाच्या दिवशी, ठरलेल्या सणांना, महिन्याच्या आरंभी, अर्पणे होत असता हेच कर्णे वाजवावयाचे, आणि तेथेही हेतू तोच, म्हणजे देवासमोर स्मरण. सणाच्या दिवशी यज्ञवेदीपाशी कोणता शत्रू भ्यावयाचा होता? एकच वाद्य, एकच पुरोहित, एकच हेतू; प्रसंग मात्र कधी उत्सवाचा, कधी संकटाचा. आमचे वक्ते त्यांपैकी एक प्रसंग उचलून दुसऱ्याकडे पाहतच नाहीत.

कर्णे ही काही इस्राएलांचीच मिरास नव्हती, हे मान्य आहे. 1922 साली तूतनखामेन राजाची कबर सापडली, तीत एक चांदीचा व एक तांब्याच्या मिश्रधातूचा असे दोन कर्णे निघाले. वाद्य शेजाऱ्यापाजाऱ्यांत सामाईक होते. परंतु वाद्य सामाईक असले म्हणजे अर्थही सामाईक असतो, असे नाही. घंटा देवळातही असते आणि शाळेतही असते.

येथे मराठी वाचकाची एक अडचण सांगितली पाहिजे. चांदीचा कर्णा निराळा आणि एडक्याच्या शिंगाचा ‘शोफार’ निराळा. या शोफारास मराठी पवित्र शास्त्रात ‘रणशिंग’ हा शब्द रूढ झाला. शब्द डौलदार आहे खरा. पण मूळ हिब्रू शब्दात ‘रण’ कोठेच नाही. भाषांतरकाराने सद्भावाने घातलेल्या या दोन अक्षरांनी आमची समजूत किती बदलली असेल, याचा विचार व्हावयास हवा. जो शब्द वाचूनच तलवारींचा खणखणाट कानी पडतो, त्या शब्दातून सणाची व पश्चात्तापाची हाक ऐकू यावी कशी?

आता ‘चेव आणण्याची युक्ती’ हा आक्षेप घेऊ. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात लढाईपूर्वीचा विधी आहे. याजक पुढे येऊन सैन्यास धीर देतो. त्यानंतर अंमलदार विचारतात की, नवे घर बांधून त्यात प्रवेश न केलेला कोणी आहे काय? द्राक्षमळा लावून त्याचे फळ न चाखलेला कोणी आहे काय? वाग्दान होऊन लग्न न झालेला कोणी आहे काय? त्याने घरी जावे. आणि शेवटी, ज्याचे काळीज भित्रे आहे त्यानेही घरी जावे. गिदोनाच्या कथेत तर भ्यालेले 22,000 परत जातात, 10,000 उरतात, आणि त्यांतूनही अखेर 300 निवडले जातात. या निवडीचे कारण ग्रंथच देतो, ते असे की, आपल्याच हाताने आपण तरलो, अशी बढाई इस्राएलाने मारू नये. ज्या सेनापतीस चेव आणावयाचा आहे, तो आपले सैन्य अशा रीतीने कमी करीत बसेल काय?

प्रतिपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मी होऊन सांगतो. याच गिदोनाच्या कथेत 300 शिंगे मध्यरात्री एकदम वाजतात, मडकी फुटतात, मशाली झळकतात, आणि मिद्यानी छावणीत गोंधळ उडून ते आपसांतच कापाकापी करतात. येथे आवाजाने शत्रू भ्याला, हे उघड आहे. पण ग्रंथकार त्या गोंधळाचे श्रेय शिंगांस देत नाही, देवास देतो. आवाजाने माणूस दचकतो, एवढे कळण्यास त्या काळच्या लोकांस आमच्या वक्त्यांची गरज नव्हती. त्यांना ते ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्यांनी विधीचा अर्थ त्याहून निराळा सांगितला. हेच तर लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु निर्णायक पुरावा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत इस्राएलाची 4,000 माणसे पडली. तेव्हा वडीलधाऱ्यांनी शिलोहून कराराचा कोश छावणीत आणविला. कोश दिसताच सैन्याने अशी गर्जना केली की भूमी दणाणून गेली. पलिष्टी घाबरलेही. वक्त्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे येथे विजय ठरलेला. प्रत्यक्षात काय झाले? 30,000 पायदळ पडले, कोश शत्रूने पळविला, आणि म्हातारा याजक एली ती बातमी ऐकून आसनावरून कोसळला व मेला. येथे कर्ण्यांचा उल्लेख नाही. पण त्या गर्जनेसाठी मूळात जे शब्द आहेत, ‘तेरुआ गदोला’ म्हणजे मोठा घोष, तेच यरीहोच्या कथेत भिंत पडतेवेळी आहेत. शब्द तेच, कोश तोच, आवाज तितकाच. एकीकडे भिंत पडते, दुसरीकडे सैन्य पडते. देवास विचारल्यावाचून त्यास रणात ओढून आणणाऱ्यांची ही फजिती त्या लोकांनी लपविली नाही, आपल्याच पवित्र ग्रंथात लिहून ठेवली. घोषात सामर्थ्य आहे असे मानणाऱ्या माणसांनी ही कथा जपली नसती.

यरीहोच्या भिंतीविषयी त्या तरुणाने जे विचारले, त्याचे उत्तर सभेने हशाने दिले. मी सरळ देतो. 1930 ते 1936 या काळात तेथे खोदकाम करणाऱ्या गार्स्टँगसाहेबांस यहोशवाच्या वेळची पडलेली भिंत सापडली असे वाटले होते. पुढे 1952 ते 1958 मध्ये कॅथलीन केन्यन या विदुषीने अधिक काटेकोर उत्खनन केले आणि ते मत खोडून काढले. यहोशवाचा म्हणून जो काळ सामान्यतः धरतात, त्याच्या आधीच ते तटबंदीचे नगर उद्ध्वस्त झालेले होते. तेव्हा त्या कथेस इतिहास म्हणून आज कोणी पुढे करू नये. पण म्हणून तिचा अर्थही पडला काय? कथेचा विधी पाहा. सात याजक, सात शिंगे, मागे कोश, सहा दिवस रोज एक प्रदक्षिणा. आणि या सर्व काळात लोकांस सक्त ताकीद अशी की तोंडातून शब्द निघता कामा नये. शत्रूस भिवविण्यासाठी निघालेले सैन्य सहा दिवस मुके राहत नाही. सातव्या दिवशी सात प्रदक्षिणा होतात. ही लढाईची चाल नव्हे. ही पूजा आहे.

आता आपल्या घरात येऊ. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख वाजतात. भीष्म शंख फुंकतात ते दुर्योधनास हर्ष व्हावा म्हणून. पांडवांच्या शंखनादाने कौरवांची हृदये विदीर्ण होतात. पांचजन्य, देवदत्त, पौंड्र, अशी प्रत्येक शंखास नावे आहेत आणि प्रत्येक वीर आपापला शंख फुंकतो. शंखनादाचा परिणाम माणसांवर, असे येथे ग्रंथच स्पष्ट सांगतो. वक्त्यांचा सिद्धान्त कुरुक्षेत्रास अधिक लागू पडतो, इस्राएलास नव्हे! तथापि व्यासांची थोरवी पाहा. शंख वाजून संपतात आणि मगच अर्जुनाचे धनुष्य गळते. एवढा नाद होऊनही ‘मी यांस का मारावे?’ हा प्रश्न जागच्या जागी उभाच राहतो. गीता सुरू होते ती नाद थांबल्यावर. म्हणजे दोन्ही परंपरा आपापल्या मार्गाने एकच गोष्ट सांगतात की, नाद हे उत्तर नव्हे.

इस्राएलांच्या कर्ण्याशी खरे साम्य शोधावयाचे तर मी शंखाकडे जाणार नाही, आमच्या गाऱ्हाण्याकडे जाईन. सिंधुदुर्गातल्या वाचकास गाऱ्हाणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, घाटावरच्यांसाठी सांगतो. जत्रा असो, नव्या कार्याचा आरंभ असो, गावावरचे संकट असो, गावाच्या वतीने मानकरी देवासमोर उभा राहून त्यास आपली हकीकत सांगतो, चुकल्यामाकल्याची क्षमा मागतो, आम्हांला सांभाळ म्हणतो. आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यास “व्हय महाराजा” म्हणून साथ देतात. गाऱ्हाणे देवास ऐकवावयाचे असते. शेजारच्या गावाने ते ऐकून भ्यावे, अशी कोणाची अपेक्षा नसते. आमच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. 1664 साली सिंधुदुर्गाचे काम सुरू होण्यापूर्वी शिवाजीमहाराजांनी तेथे पूजा केली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सिद्दी आणि फिरंगी यांवर जरब बसविणारा तो किल्ला होता. पण ती पूजा सिद्दीस दाखविण्यासाठी होती असे कोणी म्हणेल काय? कर्णा म्हणजे शब्दांवाचून घातलेले गाऱ्हाणे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाचे सैन्य पुढून व मागून वेढले जाते तेव्हा ते आधी परमेश्वराचा धावा करते आणि मग याजक कर्णे वाजवितात. आधी हाक, मग नाद. क्रम बोलका आहे. 1947 पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत युद्धाविषयीची एक गुंडाळी आहे. तीत कोणत्या कर्ण्यावर कोणते शब्द लिहावे याची यादी दिली असून त्या शब्दांत देवाचे नाव पुनःपुन्हा येते. कर्ण्यावरचा लेख रणांगणातला शत्रू वाचू शकत नाही. मग तो कोणासाठी लिहावयाचा?

येथपर्यंत आल्यावर विचारी वाचक म्हणेल, “हे सर्व मान्य. पण यामुळे दोष कमी होत नाही, वाढतो. डावपेच म्हणून वाजविलेला कर्णा परवडला. देवाच्या नावाने वाजविलेला कर्णा तर कत्तलीस पुण्यकर्म ठरवितो.” हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास बगल देणे मला शोभणार नाही. यरीहोच्या कथेत भिंत पडल्यावर पुरुष, स्त्रिया, पोरे, म्हातारे, गुरे यांची सरसकट कत्तल होते. मिद्यान्यांवरील स्वारीतही कर्णे आहेत, आणि त्या स्वारीचा शेवट वाचवत नाही. याचे समर्थन मी करीत नाही. कोणी करू नये. देवासमोर उभे राहून मागता मागता, देव आपल्याच खिशात आहे, असे माणसास वाटू लागते; हा त्या विधीचा अंगभूत धोका आहे.

पण त्या धोक्यावरचा उताराही त्याच परंपरेत निपजला. जो कर्णा न्यायाधीशासमोर वाजतो, तो वाजविणाऱ्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. संदेष्ट्यांनी हे ओळखले. होशेयाने शिंग फुंकावयास सांगितले ते इस्राएलावर येणाऱ्या दंडाची वर्दी म्हणून. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात शिंगासारखा आवाज काढण्याची आज्ञा आहे, कोणाविरुद्ध? शत्रूविरुद्ध नव्हे. ‘माझ्या लोकांस’ त्यांचे अपराध सांगण्यासाठी. उपास करून मजुरांस पिळणाऱ्या, भुकेल्यास भाकर न देणाऱ्या स्वकीयांस सांगण्यासाठी. यहेज्केल तर पहारेकऱ्यावर जबाबदारी घालतो. तलवार येताना पाहूनही जो शिंग फुंकणार नाही, त्याच्याकडून मेलेल्यांच्या रक्ताचा जाब घेतला जाईल. शत्रूकडे तोंड केलेल्या तुतारीस अशी कलाटणी कधीच मिळाली नसती. देवाकडे तोंड केलेली होती, म्हणूनच ती स्वतःवर उलटू शकली. आमच्या कोकणातल्या मालगुंडच्या केशवसुतांनी 1893 साली ‘तुतारी’ लिहिली, तीही परकीयांवर नव्हे. आपल्याच समाजातील जुन्या जुलुमावर ती वाजते. त्या कवितेचे गोत्र शोधावयाचे तर कुरुक्षेत्रापेक्षा यशयापाशी अधिक जुळेल.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आमच्या वक्त्यांच्या कानावर पडलेली नसावी. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी ज्यांची परंपरा आहे, ते बेने इस्राएल आमचेच कोकणी बांधव. तेल गाळावे, शनिवारी घाणा बंद ठेवावा, म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना, आणि शेमा म्हणजे ‘ऐक’. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. हे गृहस्थ कंपनीच्या पलटणीतले अंमलदार; टिपूच्या कैदेतून सुटले म्हणून त्यांनी ते बांधले, अशी परंपरा सांगते. सैनिकाने सुटकेनंतर उभारलेले स्मारक विजयस्तंभ नसून प्रार्थनागृह असावे, यातच पुष्कळ आले. या समाजातील बहुतेक कुटुंबे 1948 नंतर इस्राएलात गेली. पण अजूनही मुंबईत, ठाण्यात, अलिबागेस त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, ज्यास ते ‘नव्याचा सण’ म्हणत आले, शोफार वाजतो.

मोशेच्या ग्रंथात या दिवसाचे नाव ‘तेरुआचा दिवस’ असेच आहे. युद्धाचा घोष तो तेरुआ आणि या दिवसाचा नादही तेरुआ. मंदिर पडले, राज्य गेले, कर्णे वाजविणारे याजक राहिले नाहीत. तेव्हा तेरुआ म्हणजे नेमका कोणता आवाज, असा प्रश्न तालमूदच्या पंडितांपुढे आला. त्यांनी काय केले? त्या शब्दाचे अरामी भाषांतर घेतले, त्याचा अर्थ विलाप असा होतो. आणि त्या विलापाचा दाखला शोधला तो ‘शास्ते’ ग्रंथातील दबोरेच्या गीतात. तेथे खिडकीतून वाट पाहत एक आई आक्रंदते. ती इस्राएलाची आई नव्हे. ती सीसरा नावाच्या शत्रुसेनापतीची आई. तिचा मुलगा रणात मारला गेला आहे, आणि तिला अजून ते कळलेले नाही. शोफाराचा नाद तिच्या रडण्यासारखा असावा. कण्हल्यासारखा की हुंदक्यासारखा, एवढाच काय तो वाद. इस्राएलाचा सर्वांत पवित्र नाद शत्रूच्या आईच्या विलापावरून ठरविला गेला! ज्यांचा विधी शत्रूचे काळीज फोडण्याची केवळ युक्ती होती, त्यांच्या वंशजांस ही कल्पना सुचली असती काय?

हल्ली निवडणूक आली की वर्तमानपत्रे ‘रणशिंग फुंकले’ असा मथळा देतात; नगरपालिकेच्या पाणीपट्टीपासून दोन देशांच्या लढाईपर्यंत सर्वत्र तोच मथळा. फुंकणारा कोणास ऐकवितो आहे, हे कोणी विचारीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न विचारावा. ज्या आवाजाचा श्रोता केवळ शत्रू असेल, तो दरारा होय. ज्याचा श्रोता केवळ आपला जमाव असेल, ती चिथावणी होय. तिसरा कोणी श्रोता असेल, देव म्हणा, न्याय म्हणा, अंतरात्मा म्हणा, तरच फुंकणाऱ्यास स्वतःचा हिशेब द्यावा लागतो. आणि हिशेब देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने शिंग ओठाला लावू नये.

त्या तरुणास मात्र माझे उत्तर राहून गेले. भिंती आवाजाने पडत नाहीत, बाळ; ज्यांनी ती कथा लिहिली त्यांनाही ते ठाऊक होते. सहा दिवस मुकाट्याने चालताना ते लोक काय विचार करीत असतील, हा प्रश्न तू त्या सभेत विचारला असतास, तर कदाचित कोणी हसले नसते.